किशोरवयातील ड्युशेन स्नायुक्षय आणि घरची शुश्रूषा

बालवयात सुरू होऊन क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या आनुवंशिक स्नायुविकारांमध्ये ड्युशेन स्नायुक्षय, म्हणजे डॉक्टर आणि पालक ज्याला नुसते ‘डीएमडी’ म्हणतात तो विकार, सर्वाधिक प्रमाणात आढळतो. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार नवजात मुलग्यांमागे एकाला तो होतो, म्हणून वैद्यकाच्या हिशेबात तो दुर्मीळ ठरतो. परंतु महाराष्ट्राएवढ्या लोकसंख्येच्या राज्यात हाच हिशेब मांडला, तर अशा मुलांची घरे हजारांत मोजावी लागतात. या विकाराची सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा कोट्यवधी रुपयांचे औषध आणि त्यासाठीची मदतीची हाक यांभोवतीच फिरते. औषधाचा प्रश्न खराच आहे, पण गेल्या साठ वर्षांत या मुलांच्या आयुष्यात ज्या वर्षांची भर पडली, ती मुख्यतः साध्या औषधांनी, श्वसनाच्या यंत्राने आणि घरातल्या माणसांच्या अखंड शुश्रूषेने पडली. या शुश्रूषेचा सर्वांत मोठा भार मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर सुरू होतो, आणि नेमक्या त्याच वयात वैद्यक, शाळा आणि शासन या तिन्हींचा हात सैल पडत जातो.

या विकाराचे वर्णन लंडनमध्ये एडवर्ड मेरियन यांनी १८५०च्या दशकाच्या आरंभी केले होते, तरी नाव रूढ झाले ते १८६०च्या दशकात त्याचा सविस्तर अभ्यास करणारे फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ ड्युशेन यांचे. त्यानंतर विल्यम गॉवर्स यांनी जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्या अंगावर चढत उभे राहते, या खुणेचे वर्णन केले आणि आजही बालरोगतज्ज्ञ ती ‘गॉवर्सची खूण’ म्हणूनच पाहतात. मूळ कारण हाती यायला मात्र १९८०च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. अमेरिकेत लुई कुंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्रावरील संबंधित जनुक शोधले, आणि ते जनुक जे प्रथिन घडवते त्याला १९८७ मध्ये ‘डिस्ट्रोफिन’ असे नाव मिळाले. स्नायूची पेशी आकुंचन पावताना तिच्या आवरणावर ताण येतो, तो पेलण्याचे काम हे प्रथिन करते; ते नसले की प्रत्येक हालचालीगणिक आवरण फाटत राहते, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतुमय ऊती भरतात. पोटऱ्या भरदार दिसतात, पण त्यांत बळ नसते. हे जनुक मानवी जनुकांतील सर्वांत मोठ्यांपैकी एक असून त्याचे ७९ खंड आहेत, त्यांना ‘एक्सॉन’ म्हणतात. सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत यांतले एक किंवा अधिक खंड गळलेले असतात. उरलेल्यांत कुठे खंडाची पुनरावृत्ती, तर कुठे एखाद्याच अक्षराएवढी चूक असते.

निदानाचा मार्ग मुळात अवघड नाही. चवड्यांवर चालणारे, वारंवार पडणारे, जिना चढताना कठड्याला लोंबकळणारे तीन-चार वर्षांचे मूल समोर आले की रक्तातील ‘सीपीके’ या विकराचे प्रमाण मोजावे. ते नेहमीच्या कित्येक पटींनी वाढलेले असेल, तर गळलेले वा वाढलेले खंड शोधणारी ‘एमएलपीए’ ही जनुकीय चाचणी करावी, इतकी ही वाट सरळ आहे. तरीही ‘मूल अशक्त आहे, टॉनिक द्या, तेलाने मालीश करा, मोठा झाला की सुधारेल’ या सल्ल्यांमध्ये अनेक घरांची दोन-तीन वर्षे जातात. स्नायूंच्या ऱ्हासामुळे रक्तातील ‘एसजीओटी’ आणि ‘एसजीपीटी’ ही मूल्येही वाढतात, आणि ती यकृताची म्हणून ओळखली जात असल्याने काही मुलांच्या यकृताच्याच तपासण्या होत राहतात. हे आकडे वाढलेले दिसताच सीपीके मोजण्याची सवय तालुक्याच्या डॉक्टरांना लागली, तर पुष्कळ काळ वाचेल.

निदानानंतर पालक पहिला प्रश्न विचारतात तो आयुष्याचा, आणि त्याचे उत्तर गेल्या काही दशकांत पालटले आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९६०च्या दशकात सरासरी मृत्युवय १४.४ वर्षे होते, तर १९९० नंतर श्वसनयंत्राचा आधार मिळालेल्यांचे २५.३ वर्षे झाले. आज चांगली देखभाल मिळालेले कित्येक तरुण तिशी ओलांडतात. हा फरक एखाद्या चमत्कारी औषधाने घडवलेला नाही. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट ही स्टिरॉइड वर्गातील औषधे स्नायूंचा ऱ्हास मंदावतात. त्यामुळे पूर्वी बाराव्या वर्षाच्या आसपास थांबणारे चालणे दोन-तीन वर्षे पुढे जाते, पाठीच्या कण्याला बाक येण्याचे प्रमाण घटते आणि फुप्फुसांची क्षमता अधिक काळ टिकते. डेफ्लाझाकॉर्ट भारतातल्या औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षे सामान्य किमतीत मिळत होते, आणि तेच औषध अमेरिकेत २०१७ मध्ये या विकारासाठी मान्य झाले तेव्हा त्याची वर्षाची किंमत ८९ हजार डॉलर जाहीर करण्यात आली. भारतातील कुटुंबांच्या वाट्याला आलेल्या मोजक्या अनुकूल गोष्टींपैकी ही एक आहे आणि तिचा लाभ प्रत्येक मुलाला वेळेवर मिळायलाच हवा.

चालणे थांबते तिथपासून घरच्या शुश्रूषेचे खरे स्वरूप दिसू लागते. स्टिरॉइडमुळे वजन वाढलेला पंचेचाळीस-पन्नास किलोंचा मुलगा पलंगावरून व्हीलचेअरवर, तिथून संडासाच्या खुर्चीवर, मग अंघोळीला आणि परत पलंगावर असा दिवसातून अनेकदा उचलावा लागतो. चाळीतली किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीतली खोली, उंबरा, न्हाणीघराचे अरुंद दार, गावाकडच्या घराच्या पायऱ्या, या प्रत्येक गोष्टीला या घरांत वेगळाच अर्थ येतो. उचलण्याचे यंत्र भारतीय घरात क्वचितच असते. ते काम आईची पाठ करते आणि वडील घरी असतील तेव्हा त्यांचे खांदे. काखेत हात घालून उचलू नये, कारण खांद्यांचे स्नायू आधीच दुबळे असल्याने सांधा निखळू शकतो, ही गोष्टसुद्धा बहुतेक पालकांना कुणी शिकवलेली नसते आणि ती एखाद्या अपघातानंतरच कळते.

दिवसापेक्षा रात्र कठीण असते. निरोगी माणूस झोपेत कितीदा अंग वळवतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. या मुलाला ते स्वतःहून करता येत नाही, म्हणून दर दोन-तीन तासांनी हाक ऐकून कुणाला तरी उठून त्याची कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर एकाच ठिकाणी दाब येऊन कळा लागतात आणि पुढे जखमा होतात. रात्रीतून चार वेळा हा हिशेब धरला, तर वर्षाला ही संख्या १४६० भरते. मराठीत गर्भाशयालाही कूस म्हणतात आणि शरीराच्या बाजूलाही. ज्या आईच्या कुशीला या विकाराचा दोष दिला जातो, तीच ही दुसरी कूस वर्षानुवर्षे बदलत असते, आणि सलग झोप न मिळालेल्या या स्त्रीच्या प्रकृतीची नोंद कोणत्याच केसपेपरवर होत नाही.

किशोरवयात छातीचे स्नायू दुबळे होऊ लागतात, आणि श्वसनाचा ऱ्हास प्रथम झोपेत प्रकट होतो. सकाळी उठताच डोके दुखणे, दिवसा पेंग येणे, भूक मंदावणे, वाईट स्वप्ने पडणे, रात्री अधिक वेळा हाक मारणे ही त्याची लक्षणे असून ती ‘अभ्यासाचा कंटाळा’ किंवा ‘मनाची उदासी’ समजून दुर्लक्षित राहतात. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू लागलेला असतो. अशा वेळी मुखवट्यावाटे दोन पातळ्यांच्या दाबाने हवा देणारे ‘बायपॅप’ हे यंत्र रात्री लावले, तर श्वास पुन्हा रुळावर येतो. नुसता ऑक्सिजन लावणे मात्र धोक्याचे ठरू शकते, कारण त्याने ऑक्सिजनचा आकडा सुधारलेला दिसतो आणि साठणारा कार्बन डायऑक्साइड झाकला जातो. बायपॅपची किंमत साधारण पन्नास हजार ते लाखभर रुपयांच्या घरात असते. त्याला वीज लागते, आणि जिथे भारनियमन आहे तिथे इन्व्हर्टरही लागतो. खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद उरत नाही तेव्हा साध्या अंबू बॅगेने फुप्फुसांत हवा भरून, पोटावर दाब देऊन खोकला काढण्याची पद्धत पालकांना अर्ध्या तासात शिकवता येते. इतक्या स्वस्त कौशल्याने न्यूमोनियाच्या कित्येक खेपा टळू शकतात. ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात शिकवले जाऊ नये, याला कोणतेही समर्थनीय कारण नाही.

हृदयही स्नायूच आहे. म्हणून लक्षणांची वाट न पाहता दरवर्षी हृदयाची तपासणी करावी आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ‘एसीई इनहिबिटर’ वर्गातील, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरील ताण कमी करणारी औषधे सुरू करावीत, असे २०१० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आणि २०१८ मध्ये सुधारलेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ही औषधेही स्वस्त आहेत. याखेरीज आणीबाणीच्या प्रसंगासाठी पालकांना काही गोष्टी पाठ असाव्या लागतात: दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड उलटी किंवा शस्त्रक्रिया झाली तरी एकाएकी थांबवायचे नाही, भूल देताना सक्सिनिलकोलीन आणि हुंगवून देण्याची काही भूलद्रव्ये टाळायची, हाड मोडल्यानंतर अचानक धाप लागली तर चरबीचा कण फुप्फुसात अडकल्याची शंका घ्यायची. रात्री अडीच वाजता अपघात विभागात एखाद्या आईला हे सारे नव्या डॉक्टरला पटवून द्यावे लागते, आणि तिचे ऐकले जाईल की नाही हे तिच्या शिक्षणावर, भाषेवर आणि अंगावरच्या कपड्यांवर अवलंबून राहते. रुग्णालयाने मराठीत आणि इंग्रजीत छापलेले, शिक्क्याचे एक पानी सूचनापत्र जवळ असले, तर ही विषमता बरीच कमी होईल.

आनुवंशिकतेचा भाग कुटुंबाच्या नात्यांना थेट हात घालतो, म्हणून तो इथे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला हे गुणसूत्र एकच असल्याने आजार होतो, तर मुलीला दुसऱ्या एक्सचा आधार असल्याने ती बहुधा केवळ वाहक राहते. सुमारे दोनतृतीयांश मुलांत हा दोष आईकडून आलेला असतो आणि एकतृतीयांशांत तो नव्यानेच उद्भवतो. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी आहे, त्यामुळे ‘नात्यातले लग्न भोवले’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. मात्र हा विकार नात्यातल्या लग्नामुळे होत नाही, परक्या घरात लग्न झालेल्या स्त्रीच्या मुलालाही तो तितकाच होऊ शकतो. तो आजोळाच्या बाजूने चालत येतो, एवढे खरे. म्हणूनच आईच्या बहिणींची, म्हणजे मुलाच्या मावश्यांची, चाचणी होणे महत्त्वाचे असते, आणि नेमकी तीच टाळली जाते, कारण आपल्या कमनशिबाची बातमी माहेरी नेणे आईला जड जाते.

वाहक स्त्रीला काहीच होत नाही, हा समजही अपुरा आहे. काही वाहक स्त्रियांच्या हातापायांत दुबळेपणा येतो आणि काहींच्या हृदयाचा स्नायू हळूहळू ताणला जातो. म्हणून वाहक ठरलेल्या प्रत्येक स्त्रीने ठरावीक काळाने हृदयाची तपासणी करून घ्यावी अशी शिफारस आहे. दररोज आठ-दहा वेळा मुलाला उचलणारी स्त्री स्वतःच हृदयविकाराच्या उंबरठ्यावर असू शकते, ही या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणावी लागेल. मुलाच्या हृदयाचा इको होतो त्याच दिवशी, त्याच खोलीत आईचाही व्हावा, यासाठी कोणत्याही नव्या धोरणाची गरज नाही.

मुलाच्या बहिणीचा प्रश्न वेगळाच आहे. तिची वाहक चाचणी तिला त्याचा अर्थ कळून ती स्वतः संमती देऊ शकेल अशा वयात करावी, असे तज्ज्ञांचे मत आहे; पण घरात तो निर्णय तिच्या लग्नाशी जोडला जातो आणि मग चाचणी लपवली तरी जाते किंवा टाळली तरी जाते. पुढच्या गर्भधारणेत अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या पेशींची चाचणी करून निदान करता येते. लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला; त्या केंद्रीय कायद्यात लिंगसंलग्न आनुवंशिक विकारांच्या निदानासाठी प्रसूतिपूर्व चाचणीला रीतसर वाट ठेवलेली आहे, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते आणि ती निष्कारण घाबरतात. आईच्या रक्तात दोष आढळला नाही तरीही तिच्या बीजपेशींपैकी काहींत तो असू शकतो, म्हणून पुढच्या गर्भाची चाचणी तेव्हाही करावी लागते.

नव्या औषधांचा आढावा घेताना एक गोष्ट ठळकपणे पुढे येते, ती अशी की ही औषधे मुख्यतः चालणाऱ्या लहान मुलांवर तपासली गेली आहेत. गळलेल्या खंडाशेजारचा खंड वाचताना ओलांडून जावा अशी योजना करणारे एटेप्लिर्सेन हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये सशर्त मान्य झाले. ते सुमारे १३ टक्के रुग्णांच्याच दोषाला लागू पडते आणि मुलाच्या प्रत्यक्ष ताकदीवर त्याचा परिणाम किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. निरुपद्रवी विषाणूच्या वाहनातून डिस्ट्रोफिनची आखूड प्रत स्नायूंत पोचवणारी जनुकीय उपचारपद्धती २०२३ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मान्य झाली, तिची किंमत ३२ लाख डॉलर होती आणि पुढच्या वर्षी तिची वयोमर्यादा शिथिल करण्यात आली. २०२५ मध्ये चालू न शकणाऱ्या दोन किशोरवयीन रुग्णांचा या उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि अशा रुग्णांसाठी तिचा वापर थांबवला गेला. ज्यांना शुश्रूषेची सर्वाधिक गरज आहे त्या वयाच्या मुलांना आजचे महागडे औषध सर्वांत कमी देऊ शकते, हे पालकांना स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे. ते सांगितले जात नाही तेव्हा ती जागा मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, जाहिराती भरून काढतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर चाचणीबाहेर असा उपचार करणे अनैतिक आहे. तरी शेतजमीन विकून किंवा दागिने मोडून तो करून घेण्याचा मोह पालकांना पडतो, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावता येत नाही.

शासकीय पातळीवर २०२१ चे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण हा महत्त्वाचा टप्पा आहे. त्याने आजारांचे तीन गट पाडले. उपचार आहे पण तो अतिशय खर्चिक असून योग्य रुग्णाची निवडही अवघड आहे, अशा तिसऱ्या गटात हा विकार येतो. निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत, ज्यांत मुंबईचे केईएम रुग्णालयही आहे, रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ मध्ये झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारून दोन वर्षांसाठी ९७४ कोटी रुपये ठेवण्याचा आदेश दिला. हे न्यायालयीन लढे पालकांनी लढवले आणि त्यांचे मोल मोठे आहे. परंतु या साऱ्या व्यवस्थेचा गाभा औषध हाच राहिला. श्वसनयंत्र, घरभेटी देणारी फिजिओथेरपी, उचलण्याची साधने आणि काळजी घेणाऱ्याचे श्रम हे त्याच्या कडेला उभे आहेत.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि त्यांत स्नायुक्षयाचा स्पष्ट उल्लेख केला. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा विचार नमूद आहे, मात्र तो शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या अधीन ठेवला आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण काळजी घेणे हे काम आहे ही कबुली तीत आहे. तमिळनाडूत स्नायुक्षयग्रस्तांसाठी स्वतंत्र मासिक निर्वाह अनुदान आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि २०२५ मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक अनुदान १५०० वरून २५०० रुपये केले. ही पावले स्वागतार्ह असली तरी त्या रकमेत मुलाच्या औषधांची आणि यंत्राच्या विजेचीही भागवाभागव होणे कठीण. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी असलेली ‘निरामय’ आरोग्य विमा योजना नुसत्या स्नायुक्षयाला लागू होत नाही, ही त्रुटीही दूर व्हायला हवी.

या सर्व चर्चेत मुलगा स्वतः हरवू नये. स्टिरॉइडमुळे उंची खुंटते, चेहरा गोल होतो, मिसरूड फुटत नाही, आणि वर्गातले सोबती घोगऱ्या आवाजात बोलू लागले असताना हा दहा वर्षांचा दिसत राहतो. यौवन लांबल्यास संप्रेरकांचा उपचार उपलब्ध आहे, पण त्यासाठी कुणी विचारणाच करत नाही. पंधराव्या वर्षी आईच्या हातून अंघोळ करून घेण्याचा संकोच त्याला असतो आणि तो बोलून दाखवण्याची सोय नसते. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि तासाला वीस मिनिटे वाढीव वेळ मिळतो, मात्र वर्ग पहिल्या मजल्यावर भरला तर त्याची शाळा नववीतच सुटलेली असते. बोटांची हालचाल सर्वांत शेवटपर्यंत टिकत असल्याने मोबाइल आणि संगणक ही त्याची खिडकी होते, आणि आईवडील जे सांगायचे टाळतात ते तो तिथे स्वतः वाचतो. त्याला विश्वासात घेऊन, त्याच्या प्रश्नांएवढेच पण खरे उत्तर देत जाणे, हे त्याला एकट्याने ते वाचू देण्यापेक्षा कितीतरी दयाळूपणाचे आहे. हिमाचल प्रदेशातील सोलन येथील मानव मंदिरासारख्या, स्नायुक्षयग्रस्तांच्या स्वतःच्या संघटनेने चालवलेल्या केंद्रात अशी मुले मोठ्या वयाच्या, कामे करणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या माणसांना भेटतात, आणि पुढचे वय कसे दिसते हे त्यांना प्रथमच कळते.

अठरा वर्षे पूर्ण होताच बालरोग विभागाची दारे बंद होतात. प्रौढांच्या विभागात या विकाराची सवय असलेले डॉक्टर थोडे, कारण पूर्वी या विकाराचे रुग्ण क्वचितच प्रौढ वयापर्यंत पोचत. श्वासनलिकेला छिद्र पाडून कायमचे यंत्र लावायचे की नाही यासारख्या निर्णयांत आता त्याचा स्वतःचा शब्द कायद्याने अंतिम असतो, आणि त्यासाठी त्याला कुणी तयार केलेले नसते. जिल्हा रुग्णालयांत महिन्यातून एक दिवस श्वसन, हृदय, अस्थिरोग आणि फिजिओथेरपी यांचे तज्ज्ञ एकत्र बसवणे, गरजू घरांना बायपॅप उसने देणारी भांडारे उभारणे, वाहक मातांची हृदयतपासणी मोफत करणे आणि कलम २४ मधील काळजीवाहू भत्ता या घरांपर्यंत पोचवणे, ही कामे राज्याच्या दिव्यांग कल्याण व सार्वजनिक आरोग्य विभागांनी येत्या अर्थसंकल्पातच हाती घ्यावीत. यांतल्या एकाही कामासाठी नव्या औषधाच्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.